आजीची मलुआ पुस्तकाशी जुळत नाही? मग जुळवू नका

प्रश्न थोडक्यात असा आलाय. नवरा बंगाली, नवऱ्याची आजी (घरात तिला सगळे दिदा म्हणतात) नव्वदीला टेकलेली, मूळची किशोरगंजकडची (आता बांगलादेशात), १९५० च्या सुमारास घरच्यांबरोबर सगळं सोडून पश्चिम बंगालमधल्या नदियाला आलेली. मलुआची गोष्ट, म्हणजे तिकडची एक जुनी गाण्यातली कथा, ती अर्धी गाऊन अर्धी बोलून सांगते, सासूबाई मागून मागून ओळ धरतात. तुम्ही ते मोबाइलवर घेतलंत, मग ‘मैमनसिंह गीतिका’ (अशा गाण्यांचा छापील संग्रह) आणून ताडून पाहिलंत आणि तिथे गाडी अडली. दिदाकडे मलुआचे भाऊ सात, पुस्तकात पाच, मधला काजीचा भाग दिदाकडे नाहीच आणि शेवट दोन ओळीत उरकलेला. तर बरोबर कुठलं, दिदाला पुस्तक वाचून दाखवून परत म्हणून घ्यावं का, आणि हे सगळं नीट जपायचं कसं.

मी मूळचा पुण्याचा, पण वीसेक वर्षं कोलकात्यात काढलीयत, काम म्हणजे जुन्या टेपा आणि कॅसेटी वाचवणं आणि जमेल तेव्हा गावोगाव फिरून पालागान (गाऊन सांगायच्या लांब कथा, एक कथा म्हणजे एक पाला) रेकॉर्ड करणं. तर मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते सगळ्यात घाईचं आहे: पुस्तक वाचून दाखवू नका. प्लीज. आणलेलं पुस्तक त्या खोलीतूनच बाहेर ठेवा. एकदा का दिदाला कळलं की छापलेली मलुआ वेगळी आहे आणि ती सुनेकडे आहे, की ती स्वतःचं चूक समजून गप्प होईल नाहीतर तुम्हाला खूश करायला पुस्तकासारखं म्हणायला लागेल, दोन्हीकडून नुकसान तुमचंच. मी हे केलंय म्हणून सांगतोय, सुरुवातीच्या वर्षात एका म्हाताऱ्या बयातींना (पाला गाणाऱ्या मुख्य गायकाला तिकडे बयाती म्हणतात, कुठे गायेन म्हणतात) मी मोठ्या उत्साहाने छापील ओळ सांगितली, ते हसले, म्हणाले बरोबर, तसंच असेल, आणि पुढचा दीड तास प्रत्येक कडव्यानंतर माझ्या तोंडाकडे बघत होते. ती टेप आहे अजून माझ्याकडे. काही कामाची नाही.

आता ते पुस्तक कसं झालं ते बघा, म्हणजे ते प्रमाण का मानायचं नाही ते लक्षात येईल. चंद्रकुमार दे नावाचा नेत्रकोणाकडचा एक गरीब माणूस, शिक्षण जेमतेम, किराणा दुकानात महिना १ रुपया पगारावर नोकरी, तीही गेली, मग जमीनदाराची वसुली करत गावं हिंडायला लागला आणि हिंडता हिंडता शेतकऱ्यांकडून ही गाणी ऐकून उतरवून घ्यायला लागला. केदारनाथ मजुमदार मैमनसिंहहून ‘सौरभ’ मासिक काढायचे त्यात त्याचे लेख यायचे. १९१३ मध्ये तिथला चंद्रावती या जुन्या कवयित्रीवरचा त्याचा लेख कोलकात्यात दिनेशचंद्र सेन यांच्या वाचनात आला आणि ते थक्क झाले, कारण बंगाली साहित्याचा इतिहास लिहिलेल्या माणसाला असं काही अस्तित्वात आहे हेच माहीत नव्हतं. भेट व्हायला मात्र कितीतरी वर्षं गेली, मधे चंद्रकुमार आजारी, डोक्यावर परिणाम झालेला. शेवटी आशुतोष मुखर्जींच्या काळात कलकत्ता विद्यापीठाने त्याला महिना ७० रुपयांवर गाणी गोळा करायला नेमलं आणि १९२३ मध्ये ‘मैमनसिंह गीतिका’ आली, १० पाला: महुआ, मलुआ, चंद्रावती, कमला, देवान भावना, दस्यु केनाराम, रूपवती, कंक ओ लीला, काजलरेखा, देवाना मदिना. पुढे १९३२ पर्यंत ‘पूर्ववंग गीतिका’चे भाग आले, इंग्रजी भाषांतरं आली, एकूण पन्नासच्या वर पाला. गोळा करणाऱ्यांत पुढे चट्टग्रामचे आशुतोष चौधुरी होते, तरुण जसीमउद्दीन होते, कवी जसीमउद्दीन तेच.

माणसं मोठी, काम मोठं, वाद नाही. पण काम कसं व्हायचं ते बघा. चंद्रकुमार गावात बसून ऐकून कागदावर लिहिणार, एकच पाला पुष्कळदा वेगवेगळ्या लोकांकडून तुकड्यातुकड्यात मिळणार, ते कागद कोलकात्याला जाणार, तिथे सेन ते लावणार. महुआचे २४ भाग त्यांनीच पाडलेत, गाणारा कधी भाग पाडत नाही, तो दम लागला की थांबतो, तंबाखू ओढतो, परत सुरू करतो. म्हणजे जी मलुआ आपण वाचतो ती त्याच क्रमाने, तेवढीच, सलग अशी एखाद्या माणसाने एका रात्रीत गायली होती का, हे पुस्तकावरून कळायला मार्गच नाही. चाल नाही, आवाज नाही, कुठली ओळ कोणाकडची याचा पत्ता नाही. आणि म्हणूनच पुढे सुकुमार सेन यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासकांनी शंका काढली की यात खेडवळ किती आणि शिकलेल्या हाताचं किती. मग चेक अभ्यासक दुशान झ्बावितेल यांनी यावर अख्खं पुस्तक लिहिलं, १९६३ मध्ये कलकत्ता विद्यापीठानेच छापलं, त्यांचं म्हणणं असं की मूळ गाभा खरोखर लोकांमधलाच आहे. मला स्वतःला झ्बावितेल पटतात. पण मुद्दा असा की हा वाद इतकी वर्षं चालला कारण दाखवायला कच्चा माल नव्हता, रेकॉर्डिंग असतं तर एका दुपारी मिटला असता. तुमच्याकडे ते रेकॉर्डिंग आहे, म्हणजे दिनेशचंद्र सेन यांच्याकडे जे नव्हतं ते तुमच्या मोबाइलमध्ये पडलंय, आणि तुम्ही विचारताय की ते पुस्तकासारखं करू का!

आता सात भावांचं. मलुआ पाच भावांची एकुलती बहीण हे पुस्तकातलं, पण बंगालमधल्या कुठल्याही लहान मुलाला ‘सात भाई चंपा’ची गोष्ट माहीत असते, सात भाऊ आणि एक बहीण. दिदाच्या डोक्यात ते दोन्ही एकमेकाला चिकटलेत, किंवा तिला जिच्याकडून मिळालं तिच्याच डोक्यात चिकटले असतील. ही चूक नाही, हा पुरावा आहे, घरातल्या बायकांच्या तोंडी पाला कसा राहतो त्याचा. बाहेर मांडवात गाणाऱ्या बयातीला अख्खी रात्र भरून काढायची असते, त्याच्यामागे दोहार (साथीचे गायक) असतात धुआ, म्हणजे ध्रुपद, धरायला, ढोल असतो, बेहाला (व्हायोलिन) असते, तो लांबवतो, वर्णनं घालतो. घरात आजी नातवंडाला झोपवताना म्हणते तेव्हा तीच गोष्ट आटते आणि राहतं ते तिला लागलेलं. मी तर उलट विचारेन की काय काय राहिलंय. तुमच्या फाइलमध्ये चांद विनोद (मलुआचा पुढे होणारा नवरा) तळ्याकाठी झोपतो आणि मलुआ पाणी भरायला येते तो भाग सगळ्यात लांब आहे असं तुम्ही लिहिलंयत, त्यात कोड्याचा उल्लेख आहे का बघा. कोडा म्हणजे पाणकोंबडीसारखा पक्षी, विनोद पाळलेला कोडा घेऊन शिकारीला जातो. हाओरमध्ये, म्हणजे तिकडची ती सहा महिने पाण्याखाली जाणारी अफाट सखल जमीन, तिथे न वाढलेल्या माणसाला तो शब्द सुचणार नाही, असेल तर ते तिच्या लहानपणातून थेट आलंय असं खुशाल समजा.

काजीचा भाग नाही याच्याबद्दल जरा सांभाळून. विसरली असेल हे एक. पण ती १९५० साली घरदार सोडून आलेली बाई आहे, आणि त्या भागात मुसलमान काजी हिंदू बाईवर डोळा ठेवतो, तर तिच्या आईनेच तो गाळला असेल किंवा तिने स्वतः कधीतरी ठरवून सोडला असेल, उलटंही होतं, काही गायक तोच भाग रंगवून तिप्पट करतात, ऐकायला कोण बसलंय त्यावर सगळं असतं. सरळ विचारू नका. आणि तिने कधी सांगितला तर कापूही नका, टीप लिहून ठेवा. याच गाण्यांच्या सुरुवातीची वंदना ऐका कधी, महुआच्या वंदनेत पूर्वेला सूर्याला नमस्कार, उत्तरेला कैलास, दक्षिणेला सागर, पश्चिमेला मक्का, एकाच श्वासात. देवाना मदिनाचा कवी म्हणून मन्सूर बयातीचं नाव येतं, महुआचा द्विज कानाई. ऐकायला बसणारे दोन्हीकडचे होते आणि गाणाऱ्याला ते माहीत होतं.

आता रेकॉर्डिंग. मोबाइल चालेल, खरंच चालेल, फक्त त्यात असं ॲप टाका जे डब्ल्यूएव्ही फाइल बनवतं, एमपीथ्री नको, आणि सेटिंग ४८ किलोहर्ट्झ २४ बिट. तासाला साधारण १ जीबी जागा जाते स्टिरिओत, मोनो घेतलंत तर निम्मी, म्हाताऱ्या एकट्या बाईच्या आवाजाला मोनो पुरतं. परवडत असेल तर झूम किंवा टास्कमचा साधा हँडी रेकॉर्डर घ्या पण त्याच्या आधी हेडफोन घ्या, कारण कानाला लावून ऐकल्याशिवाय कळतच नाही की पंखा केवढा मोठा ऐकू येतोय. पंखा बंद, फ्रिज बंद (आणि परत चालू करायला विसरू नका, माझ्यामुळे एकदा एका घरातली अख्खी मासळी वाया गेली, पुढच्या वेळी त्या घरात चहाही थंड मिळाला), फोन फ्लाइट मोडवर, माइक तिच्या तोंडापासून एक वीतभर ते हातभर. सुरू करताना स्वतःच्या आवाजात बोला: तारीख, जागा, कोण गातंय, कोण कोण बसलंय. शेवटी अर्धा मिनिट कोणी न बोलता नुसती खोली रेकॉर्ड करा, आवाज साफ करताना लागते. आणि ती फाइल व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना पाठवून तीच मूळ म्हणून ठेवू नका, व्हॉट्सॲप आवाज चेपून टाकतं. मूळ फाइलला हात लावायचा नाही, कापाकापी करायची तर कॉपीवर.

बसवायचं कसं हे मशीनपेक्षा मोठं काम आहे. दिदाला कॅमेऱ्यासमोर बसवून ‘आता पूर्ण मलुआ म्हणा’ म्हणलं तर काहीच येणार नाही. पाला हा एकट्याने म्हणायचा प्रकारच नाही, समोरून धुआ परत यावा लागतो, तो आला की पुढची ओळ आपोआप सुटते. तुमच्याकडे तर आयत्या दोहार आहेत, सासूबाई. त्यांना शेजारी बसवा. पाऊण तासाच्या वर बसवू नका. आणि एकदा नाही, किमान तीनदा, आठवडा आठवडा सोडून, प्रत्येक वेळी पूर्ण. घरचे म्हणतील झालं की रेकॉर्ड, परत कशाला, पण यातच तर खरी गंमत आहे, तिन्ही वेळा जी ओळ शब्दाला शब्द तशीच येते ती तिला मिळालेली आहे, आणि जी दरवेळी बदलते ती ती तिथल्या तिथे बांधतेय. मिलमन पॅरी नावाच्या अमेरिकन माणसाने १९३३ ते ३५ मध्ये युगोस्लाव्हियात जाऊन ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर गायक रेकॉर्ड करून हेच दाखवून दिलं होतं. मधे ती थांबून बोलेल, ‘इथे माझे बाबा रडायचे’ वगैरे, किंवा खोकेल, किंवा कोणाला तरी भात चढवायला सांगेल, चालू राहू दे. गाणं संपल्यावर मग विचारा: कोणाकडून ऐकलं, कुठे बसून, पावसाळ्यात का कापणीनंतर, बायकांना मांडवात बसू द्यायचे का आतून ऐकायचं. गावाचं नाव ती जसं उच्चारते तसं घ्या आणि शेजारी आजचा जिल्हा लिहा, कारण जुना मैमनसिंह जिल्हा प्रचंड होता, किशोरगंज आणि नेत्रकोणा वेगळे जिल्हे झाले ते १९८४ मध्ये, म्हणजे तिच्या लेखी ती मैमनसिंहचीच.

उतरवून काढताना अजून एक खड्डा आहे. तुमच्या नवऱ्याने किंवा दिरांनी लिहून काढलं तर ते नकळत कोलकात्याचं शुद्ध बंगाली करून टाकतील. दिदा ‘जाइबाम’ म्हणते, ते ‘जाबो’ लिहितील. ‘कइन्या’चं ‘कन्या’ होईल, ‘हे’ म्हणजे तो, त्याचं ‘शे’ होईल. तो ‘-बाम’ म्हणजे मैमनसिंहचा शिक्का आहे हो, तो पुसला की मग उरलं काय. माझ्याकडे एका हुशार मुलीने चार महिने खपून साठ पानं अशी ‘सुधारून’ दिली होती, इतकं सुंदर अक्षर, परत करायला लावताना माझाच जीव वर आला. तेव्हा जसं ऐकू येतं तसं लिहा, ऐकू येत नाही तिथे कंस करून ‘अस्पष्ट’ लिहा, अंदाजाने भरू नका. एलान नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात आवाज आणि ओळ एकमेकाला वेळेसकट बांधता येतात, शिकायला दोन संध्याकाळी लागतात. तुम्हाला बंगाली नीट लिहिता येत नसेल तर देवनागरीत उतरवलंत तरी हरकत नाही, उलट परक्या कानाला कधीकधी जास्त स्पष्ट ऐकू येतं, फक्त बंगाली ‘अ’चा ‘ओ’सारखा उच्चार कसा लिहिणार ते आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तसंच ठेवा.

जपायचं म्हणाल तर तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक दुसऱ्या गावात. म्हणजे एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक क्लाउडवर किंवा पुण्याला माहेरी. हार्डडिस्क कपाटात ठेवून विसरलात तर ती मरते, वर्षातून एकदा लावून फाइली उघडून बघायच्या आणि पाचेक वर्षांनी नवीन डिस्कवर घ्यायच्या. फाइलचं नाव ‘दिदा फायनल नवीन २’ असं नको, तारीख, गाव, पाल्याचं नाव, कितवी बैठक, एवढं पुरे. आणि प्रत्येक फाइलबरोबर एक साधी टेक्स्ट फाइल, वरची सगळी माहिती त्यात. घरात जुन्या कॅसेटी असतील तर (नदियाच्या दमट हवेत त्यांच्यावर पांढरी बुरशी चढलेली असणार) त्या लगेच डेकमध्ये घालून वाजवू नका, बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटीत जाते, जाणकाराला दाखवा. आणि कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे टॅब मोडून टाका म्हणजे चुकून वरून रेकॉर्ड होणार नाही, एका संस्थेत एका अख्ख्या पालागानावर कोणीतरी क्रिकेटची कॉमेंट्री भरलेली मी स्वतः ऐकलीय.

हक्कांचं. गाणं कोणाचंच नाही, पण दिदाचं गाणं दिदाचं आहे. आपल्या कायद्यात गाणाऱ्याला स्वतःच्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो. तिची परवानगी तिच्याच भाषेत, रेकॉर्डिंगवरच घ्या: घरात ठेवायचं, अभ्यासकांना द्यायचं, का नेटवर टाकायचं, तिन्ही वेगवेगळं विचारा. नातवंडं म्हणतात ‘अरे तिला काय कळतंय’, तिला सगळं कळतं. बाहेरच्या गायकाकडे गेलात तर पैसे द्या, किती ते आधी ठरवून, ‘कलेची सेवा’ वगैरे ऐकवू नका, त्याची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. पुढे कुठे द्यायचं असेल तर गुरुग्रामचं एआरसीई (आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी) आहे, १९८२ पासून संगीताच्या फील्ड रेकॉर्डिंगचंच काम करतंय, ढाक्याला बांगला अकादमी आहे, आणि कोलकात्यात मौसुमी भौमिक आणि सुकांत मजुमदार यांचं ट्रॅव्हलिंग आर्काइव्ह, २००३ पासून दोन्ही बंगालात फिरून केलेलं, त्यांच्या नोंदी वाचाच, रेकॉर्डिंगभोवतीची माणसं आणि जागा कशी लिहायची हे मी तिथून शिकलो.

तुम्ही शेवटी विचारलंयत की मराठी सुनेने हे करणं आगाऊपणा होईल का. अहो, जात्यावरच्या ओव्यांचं काम आठवा, हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या जमवल्या, त्यातले प्वातव्हँ जन्माने फ्रेंच. प्रत्येक ओवीला बाईचं नाव, गाव. ती वही कशी ठेवलीय ते बघा, बंगालीसाठी दुसरा नमुना शोधायची गरज नाही. आणि दिदाकडून चेष्टा ऐकायची तयारी ठेवा, बंगाली बाळांना अजून बर्गी आले म्हणून झोपवतात, ते बर्गी म्हणजे आपले मराठे, १७४० च्या दशकातल्या भोसल्यांच्या स्वाऱ्या. त्या स्वाऱ्यांवर गंगाराम नावाच्या कवीने लिहिलेलं ‘महाराष्ट्र पुराण’, १७५१ च्या सुमाराचं, त्याची पोथी सापडली ती पण मैमनसिंहकडेच! मी कुठल्याही नवीन घरात पहिल्या दिवशी बर्गीचं अंगाईगीतच म्हणायला सांगतो. मराठी माणसासमोर ते म्हणताना आज्या इतक्या हसतात की पुढचं सगळं सोपं जातं.

आणि ती मोबाइलवरची पहिली, तुमच्या मते बिघडलेली फाइल डिलीट करू नका. त्यात सासूबाईंनी मागून धरलेल्या ओळी दिदापेक्षा वेगळ्या आहेत असं तुम्ही जाता जाता लिहिलंयत. त्या कुठून शिकल्या? दिदाच्या तीन बैठका झाल्या की चौथी त्यांची लावा, दिदाला बाहेर बसवून.